बहिणीचा हिस्सा, बांधावरचा रस्ता आणि बटई : तुमचे प्रश्न

प्रश्न : माझं लग्न १९९० चं. वडील २०१० ला वारले. भाऊ म्हणतो तुझा हक्क नाही, आणि असला तरी वाट्याला ८ गुंठे जिरायत येतं, तुकडेबंदीत (लहान तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्यात) बसत नाही, तू फक्त सही कर.

ताई, सही करू नका. भाऊ म्हणतोय ते एका जुन्या कायद्यातून आलंय. आपल्या राज्याने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा १९९४ सालीच दिला, केंद्राच्या कितीतरी आधी, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या, गावात अजून तेच धरून बसलेत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट गेली, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की हा हक्क जन्मानेच येतो.

तुकडेबंदीचं म्हणाल तर २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायत २० आणि बागायत १० गुंठ्याच्या खाली वेगळा तुकडा पडत नाही हे खरं, पण म्हणून सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. वाटपात तुकडा पडत असेल तर हिश्श्याचे पैसे द्यायची सोय त्याच कायद्यात आहे (हे मात्र भाऊ सांगत नाहीत). हक्कसोडपत्र, म्हणजे हिस्सा सोडल्याचा कागद, रजिस्टर लागतं, तलाठ्याकडच्या साध्या अर्जावर नाव कमी होत नाही. वारस नोंदीत नाव सुटलं असेल तर नोटिशीनंतर १५ दिवसांत हरकत घ्या, आणि पोच घ्या, पोच!

प्रश्न : शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला. काय करू?

रस्ता आधी होता ना? मग तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट १९०६, कलम ५ खाली अर्ज, तोही अडवल्यापासून ६ महिन्यांत. लोक समजुतीची वाट बघत बसतात आणि मुदत निघून जाते. रस्ता कधी नव्हताच तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, बांधावरून नवा मिळतो.

प्रश्न : दहा वर्षं दुसऱ्याची जमीन बटईने, पिकाच्या वाट्यावर करतोय, मालक कागद देत नाही. पीकविमा, कर्ज काहीच मिळत नाही.

मालकाला वाटतं कागद दिला की कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल. १ एप्रिल १९५७ ला कूळ कायद्याने कुळं मालक झाली ती आठवण घराघरात आहे, आणि खरं सांगायचं तर भीती अगदीच खोटी नाही. पण त्या कायद्याने ज्याला जमीन द्यायची होती तो कसणाराच आज तोंडी करारावर राबतोय. रजिस्टर भाडेकरार झाला तरच पुढचं काही होईल, तोवर विम्याचं दार बंदच समजा. मालकाला एकदा वकिलासमोर बसवून मुदतीचा करार करता येतो का ते विचारा.