वाचकांचे प्रश्न : सोनेरी रम निवडताना

प्रश्न : साखर कारखान्याच्या गावात आयुष्य गेल्यामुळे मळीचा वास आमच्या ओळखीचा आहे, रमशी ओळख मात्र ओल्ड मंकच्या पलीकडे कधी गेली नाही. पुढच्या महिन्यात भाचा लंडनहून येत असून एखादी चांगली सोनेरी रम आणण्याचा त्याचा विचार आहे. रंग जितका गडद तितकी रम अधिक मुरलेली, असे समजावे का? त्याला नेमके काय सांगावे?
– एक वाचक, वारणा खोरे

उत्तर : रंगावरून वयाचा अंदाज बांधू नये, हे सर्वांत आधी सांगायला हवे. आसवनीतून गाळून निघालेली कोणतीही रम पाण्यासारखी स्वच्छ असते. तिला सोनेरी छटा येते ती ओकच्या पिंपात काही वर्षे राहिल्यामुळे, किंवा नंतर घातलेल्या कॅरॅमलमुळे, आणि पुष्कळदा या दोन्हींमुळे. जळक्या साखरेचा हा रंग घालणे बहुतेक देशांत कायदेशीर आहे आणि त्याने चव फारशी बिघडत नाही, पण त्यामुळे रंग हा पुरावा म्हणून निकामी होतो. याच्या उलटही घडते : काही पांढऱ्या रम पिंपात मुरवून नंतर कोळशातून गाळून रंगहीन केलेल्या असतात. म्हणजे दुकानातील पांढरी बाटली शेजारच्या सोनेरी बाटलीपेक्षा वयाने मोठी असू शकते.

रंगाऐवजी चार गोष्टी पाहाव्यात : देश, आसवनीचे नाव, पिंपात काढलेली वर्षे आणि वरून घातलेली साखर. देशाला मी पहिले स्थान देतो, कारण कॅरिबियन बेटांपैकी प्रत्येकाची रीत वेगळी आहे. मार्तिनिकमध्ये थेट उसाच्या रसापासून रम करतात आणि तिला हिरव्या उसाचा वास येतो. बार्बाडोस आणि जमैका येथे मुख्यतः मळी वापरली जाते. आपल्या ओळखीचा मळीचा वास या दोन बेटांच्या रममध्ये सुधारलेल्या रूपात भेटेल, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे पॉट स्टिलमध्ये, घाण्याघाण्याने गाळलेली रम जड आणि सुगंधी असते; उंच स्तंभात अखंड गाळलेली रम हलकी आणि स्वच्छ असते. चांगल्या सोनेरी रमचे कसब बहुधा या दोहोंच्या मिश्रणात असते. बार्बाडोसची माउंट गे, जिच्याकडे 1703 सालापासूनची कागदपत्रे आहेत, आपली ‘इक्लिप्स’ अशाच मिश्रणातून करते. जमैकाच्या नासाउ खोऱ्यातील अ‍ॅपल्टन 1749 पासून रम करत आली आहे. तिच्या ‘सिग्नेचर’मध्ये संत्र्याच्या सालीचा आणि पिकल्या फळांचा वास अधिक उठून दिसतो. माझे स्वतःचे मत विचाराल, तर बार्बाडोसच्याच फोरस्क्वेअर आसवनीची ‘डोर्लीज’ पाच वर्षांची रम त्याने आणावी. ती कोरडी आणि नेटकी आहे, आणि लाकडाचा गंध तिच्यात मळीवर कुरघोडी करत नाही.

ओल्ड मंकची सवय असलेल्याला पहिला घोट थोडा रोडका वाटेल, याची कल्पना असू द्यावी. ओल्ड मंक आली त्या 1954 पासून आपल्याकडे रम म्हणजे गडद, गोडसर आणि व्हॅनिलाचा वास असलेली, हे समीकरण बसले आहे. आपल्या बाटल्यांवरील मद्यार्काचा 42.8 टक्के हा आकडा मद्याची तीव्रता सांगणाऱ्या जुन्या ब्रिटिश मोजणीतील 75 प्रूफवरून आलेला आहे. तिकडच्या बाटलीवर 40 दिसले म्हणून ती पाणचट समजू नये.

भाच्याला एक आठवण करावी : परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला 2 लिटरपर्यंतच मद्य शुल्काशिवाय आणता येते. आणि महाराष्ट्रात मद्यप्राशनासाठी परवाना लागतो व अशा कडक मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची आहे, हेही ध्यानात असावे.

प्रश्न : एका बाटलीवर ठळक 23 हा आकडा होता आणि किंमत दुप्पट. ही 23 वर्षांची रम समजायची का? शिवाय तिची चव सरबतासारखी गोड लागली, ते कशामुळे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सर्वत्र तसे समजता येत नाही. जमैकात वय लिहिले असेल, तर ते मिश्रणातील सर्वांत लहान रमचे असते. 12 लिहिले, तर त्यात 12 वर्षांहून कमी वयाचा थेंबही नसतो. सोलेरा पद्धतीच्या, म्हणजे जुन्या रमच्या पिंपांत टप्प्याटप्प्याने नवी रम मिसळत केलेल्या रमचे तसे नसते. ग्वाटेमालाच्या प्रसिद्ध झकापा 23 मध्ये 6 ते 23 वर्षांच्या रम एकत्र केलेल्या असतात. ती वाईट आहे असे मुळीच नव्हे, पण 23 वर्षांचे म्हणून पैसे मोजणाऱ्याने हे जाणून मोजावेत. तसेही उष्ण बेटांवर पिंपातील मद्य स्कॉटलंडच्या तुलनेत फार वेगाने उडून जाते आणि लाकडाचा गंधही लवकर मुरतो, त्यामुळे सोनेरी रमसाठी चार ते आठ वर्षे मला पुरेशी वाटतात.

गोडीबाबत आपली जीभ बरोबर असण्याचा संभव मोठा आहे. मळीतील साखर आंबवताना संपते आणि उरलीसुरली गाळताना मागे राहते, तेव्हा गाळलेली रम गोड नसते. स्पष्ट गोडी लागली तर ती बहुधा नंतर घातलेली असते. युरोपीय संघाच्या नियमांत लिटरमागे 20 ग्रॅमपर्यंत गोडवा चालतो, तर जमैकाच्या नावाने विकायच्या रममध्ये साखर घालण्यास परवानगी नाही. घरी ढोबळ परीक्षा करता येते. स्वच्छ बशीत चमचाभर रम ओतून रात्रभर उघडी ठेवावी. सकाळी बोट फिरवल्यावर पाकाच्या ताटासारखे चिकटले, तर काय घातले आहे ते कळलेच. साखर न घातलेल्या रमची बशी जवळजवळ कोरडी राहते, फार तर रंगाचा पुसट डाग उमटतो.

प्रश्न : सोनेरी रम कशात घालून घ्यावी? कोलाशिवाय काही सुचवाल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रत्नागिरीकराने हे विचारावे! शहाळ्याचे पाणी. कॅरिबियन बेटांवरही सोनेरी रम शहाळ्याच्या पाण्यातून घेण्याची जुनी रीत आहे. बार्बाडोसचे पंच करायचे असेल, तर लिंबाचा रस एक भाग, साखरेचा पाक दोन, रम तीन आणि पाणी चार, असे तिकडचे प्रमाण तोंडपाठ असते. वर जायफळ किसतात. आपल्या लिंबांना आंबटपणा अधिक आणि पाकाचा हात सैल, म्हणून मी पाक दीड भागच घेतो. जायफळ मात्र ताजेच किसावे, डबीतली पूड घालू नये.