गटात बसायचं म्हणजे सगळं सांगायचं का?

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत समाजकार्य शिकते. सीरिया, अफगाणिस्तानातून आश्रयाला आलेल्या बायकांच्या गटात ती मदतीला जाते. तिथं कुणी घडलेलं बोलतच नाही, बायका विणकाम करतात, चहा घेतात. याला उपचार म्हणायचा का? – एक वाचक, सातारा

आश्रयासाठी अर्ज केला की अधिकाऱ्यासमोर आपल्यावर बेतलेलं बारकाव्यानं सांगावंच लागतं. निकाल लागेपर्यंत माघारी पाठवतील ही धास्ती असतेच. गटातही तेच वदवून घेतलं, तर ती आणखी एक चौकशी झाली. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेला क्रम मी मानते : आधी सुरक्षितता, मग आठवणी, मग पुन्हा माणसांत येणं. युगांडातल्या छावणीत दक्षिण सुदानच्या निर्वासित बायकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा पाच सत्रांचा गट-कार्यक्रम झाला. ध्वनिमुद्रण ऐकून ताण हाताळायला शिकायचं, कहाणी कुणी विचारायची नाही. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हाही त्या बायकांचा मानसिक त्रास कमी होता.

मात्र नुसतं विणकाम म्हणजे उपचार नव्हे. गट चालवणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे ना, आणि दुभाषी कोण आहे, हे मुलीला विचारा. पोटच्या पोराला दुभाषी करू नये. आई त्याच्यासमोर बोलणार नाही, आणि बोललीच तर ते ओझं पोरावर पडेल.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं. अजून पाऊस लागला की आई रात्रभर जागी, 'आयर्विनला किती फूट झालं बघ' म्हणते (आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथं मोजतात). गटात दुसऱ्यांचं ऐकून ती जास्त घाबरेल का? – सांगली

भीती रास्त आहे. म्हणून गटाआधी प्रत्येकाशी एकट्यानं बोलायचं असतं. जीव नकोसा झालाय असं कुणी म्हणालं, तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं, गट नंतर.

त्या पुरानंतर आमच्या गटात एक मावशी यायच्या. रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पुस्तक सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून मांडीवर. पहिले चार आठवडे त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. पाचव्या आठवड्यात शेजारची म्हणाली, 'माझी पण पिशवी दाराला अडकवलेली असते.' मावशींनी पिशवी खाली ठेवली आणि दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या. आपण एकट्याच अशा नाही हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ते माझ्या सांगण्यानं कळलं नसतं.

आईला निर्वासित म्हणता येणार नाही, तिचं घर तिला परत मिळालं. पण त्या घरात तिला अजून निर्धास्त झोप नाही. गटात नेऊन बघा. बोलायची सक्ती कुणी केली, तर तिथून उठून या.

प्रश्न : २०२१ च्या दरडीत आमची भावकीतली माणसं गेली. उपचार घेऊ या म्हटलं की वडील म्हणतात, 'मी काय येडा आहे का?' – पाटण तालुका

'उपचार' हा शब्दच काढू नका. देवळाच्या पारावर चार जण बसतात, तिथंच सुरुवात होऊ शकते. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर कधीही, मराठीत, फुकट बोलता येतं. आधी तुम्ही लावा, मग फोन त्यांच्या हातात द्या. विषय मात्र झोपेचा काढा, दरडीचा नको.