माय नाही म्हणून थांबू नको, पण निघण्याआधी मावशीकडे जाऊन ये

तू विचारलंस, नवऱ्याला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरी लागली, तुला तिसरा महिना आहे, तारीख जानेवारीतली, आणि माय मागच्या वर्षी गेली. तर दारव्ह्याला सासरीच बाळंतपण करावं की इकडे यावं? बाई, मी घाटंजीकडची. माय जाऊन दोन वर्षं व्हायची होती तेव्हा माझी लेक इथं नेदरलँड्समध्ये झाली. माझं म्हणणं, ये.

आल्याबरोबर नगरपालिकेत नोंद कर, आरोग्य विमा काढ आणि लगेच सुईणीकडे नाव घाल. इथं सगळं नीट असेल तर डॉक्टर लागत नाही, शिकलेली सुईणच बघते. तिलाच ‘क्रामझोर्ग’बद्दल विचार. बाळंतपणानंतर प्रशिक्षित बाई घरी येते, आठ-दहा दिवस, मिळून साधारण ४९ तास. खर्च विम्यातून होतो, तासामागे थोडे युरो आपले जातात. तिच्यासाठी नाव मात्र आतापासूनच घालून ठेव. विमानाचंही लांबवू नको, २८ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात.

माझ्याकडे ती बाई आली तेव्हा पलंग ठोकळ्यांवर चढवून कमरेइतका उंच केलेला होता. काम करताना त्यांची पाठ वाकू नये म्हणून तसं करावंच लागतं. आपल्याकडची बाज आणि तिच्याखालची शेगडी आठवली. इथं शेगडी नाही. पाळण्यात गरम पाण्याची धातूची बाटली कापडात गुंडाळून ठेवतात. तिनं टाके पाहिले, बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते दाखवलं, संडास-बाथरूमसुद्धा धुतलं. मग माझ्या हातात एक गोल टोस्ट दिला, वर साखरेत घोळलेले बडीशेपेसारखे दाणे. बाळ झालं की इथं हेच वाटतात, आणि त्यानं दूध येतं असं यांच्याही जुन्या बाया मानत. माझ्या भावजयीच्या बाळंतपणात मायनं तव्यावर भाजलेल्या बाळंतशेपांचा वास घरभर होता. तो घास माझ्या घशाखाली उतरेना. ती काही बोलली नाही, जवळ बसून राहिली.

ती बाई यायची थांबली आणि मायचं दुःख नव्यानं आलं, तेरवीलाही आलं नव्हतं असं. तुलाही येईल. पंधरा दिवसांवर मन तसंच राहिलं तर सुईणीला सांग, अंगावर काढू नको.

तूप आणू नको, दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. इथलं बिनमिठाचं लोणी कढव. डिंक, खारीक, शेपा आण. मावशीला यायचं असेल तर ९० दिवसांचा व्हिसा मिळू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेक रात्रभर रडायची तेव्हा मला वाटायचं, मीही अशीच रडत होते का? माय मला काय करून निजवायची? सांगणारं कोणीच उरलं नव्हतं. निघण्याआधी दोन दिवस मावशीकडे राहा. मायचं पहिलं बाळंतपण कसं झालं, तुला न्हाऊ कोण घालत होतं, दूध कधी आलं, सगळं विचार आणि मोबाइलमध्ये भरून घे. आणि जानेवारीत रात्री दोनला बाळ घेऊन बसशील तेव्हा खुशाल फोन लाव. तिकडे साडेसहा झालेले असतात, मावशी अंगण झाडत असेल.