जमिनीखालच्या गरम पाण्याच्या एमएस (साध्या पोलादाच्या) लाईनवर रॉकवूल (दगडी तंतूंचं उष्णतारोधक आवरण) आहे, तरी पाइप गंजून फुटतो. नवी लाईन टाकताना काय करावे?

तुमची जमीन पावसाळाभर ओली, लाईन 70 अंशांची, वर रॉकवूल आणि पॉलिथीन. मग फुटणारच. रॉकवूल उष्णता अडवतं, पाणी नाही, आणि जमिनीखाली एकदा भिजलं की सुकत नाही. गरम पाइपला लागून पाणी आटतं, क्षार मागे राहतात आणि तिथेच खड्डे पडतात.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, घेऊ नका. साधारण 60 अंशांच्या वर काही पाण्यांत जस्त लोखंडाला वाचवायचं सोडून उलट त्यालाच झिजवतं. स्टेनलेस 304 ला याच तापमानात क्लोराईडमुळे तडे जाऊ शकतात. कुणी मॅग्नेशियम ॲनोड (पाइपऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) सुचवेल, पण नव्या पाइपवरच्या फोम आणि प्लास्टिकच्या जॅकेटमधून त्याचा करंट पाइपपर्यंत पोचत नाही. तो खर्च वाया.

पाइप लहान व्यासाचा असेल तर माझं मत सरळ आहे: लोखंड नकोच. प्री-इन्सुलेटेड पेक्स (उष्णतारोधक आवरणासकट येणारा प्लास्टिकचा पाइप) कॉइलमध्ये येतो, त्यामुळे जमिनीखाली सांधे जवळपास नसतात. दाब-तापमानाची मर्यादा कंपनीच्या तक्त्यात पाहा. तेच पाणी फिरत राहणाऱ्या बंद सर्किटमध्ये पुढे लोखंडी भाग असतील तर ऑक्सिजन बॅरियरवालाच (हवेतला ऑक्सिजन आत न सोडणारा) घ्या.

लोखंडच हवं असेल तर पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) भरलेला, एचडीपीई (टणक प्लास्टिक) जॅकेटचा कारखान्यात बनलेला पाइप घ्या. तो सहसा मधे बिघडत नाही, सांध्यावर बिघडतो. श्रिंक स्लीव्ह (सांध्यावर बसणारी, तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) वेल्डिंगच्या आधीच पाइपवर सरकवून ठेवायची. विसरली तर फिटर ती उभी चिरून गुंडाळतो आणि पाणी तिथूनच शिरतं. वेल्डिंग झालं की हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने गळती तपासणं), मग उघडं लोखंड घासून, कोरडं करून इपॉक्सी. जॅकेट सँडपेपरने खरखरीत करा, बर्नरने कोमट करा, मग स्लीव्ह आवळा. दोन्ही कडांतून गोंद बाहेर दिसला पाहिजे. सांध्यात फोम ओतण्याआधी स्लीव्हमध्ये 0.2 बार हवा भरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर पुन्हा आवळा. हे काम पावसात करायचं नाही, तंबू टाकूनही जपूनच.

व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये पाइपच्या टोकाला फोमचं तोंड उघडं ठेवणं ही सर्रास होणारी चूक. चेंबर भरला की पाणी जॅकेटच्या आतून पुढे सरकत जातं. तिथे एंड कॅप (फोमचं तोंड बंद करणारी टोपी) हवीच, आणि चेंबरला निचरा किंवा पंप.

चरात पाइपभोवती सगळीकडून 100 मिमी वाळू घाला, दगडगोटे नकोत. कोकणात असाल तर खाडीची वाळू घेऊ नका, ती खारट असते.

फोममध्ये तांब्याच्या दोन तारांची गळतीसूचक व्यवस्था असलेला पाइप मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या. तारा आणि पाइप यांच्यातला रोध लाईन बुजवण्याआधी मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) मोजून लिहून ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर फोम भिजतोय, पाइप अजून शाबूत असतानाच खणता येईल.