जावयांचे पूर्वज

प्रश्न : जावयांचे पूर्वज १८२० मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेत केप या ब्रिटिश वसाहतीच्या पूर्व सरहद्दीवर वसले, एवढंच ठाऊक आहे. शोध कुठून घ्यावा?

उत्तर : जहाजाच्या यादीपासून नको, उलटं या. आधी केप टाउनच्या सरकारी अभिलेखागारातल्या वारसा-फायली (मृताच्या मालमत्तेची कागदपत्रं) पाहा. बऱ्याचशा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. फायलीतल्या ‘डेथ नोटिस’मध्ये, म्हणजे मृत्यूची खबर देणाऱ्या अर्जात, जन्मगाव, आईवडील, जोडीदार, मुलं असे रकाने असतात. मात्र खाली सही कोणाची आहे, ते आधी बघा. शेजाऱ्याने किंवा जावयाने भरलेल्या अर्जात आईवडिलांची नावं कोरी किंवा चुकीची सापडतात.

मग लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, वसाहत खात्याच्या कागदांत (संदर्भ क्रमांक सीओ ४८) टोळीप्रमुखाचं नाव शोधा. वसाहतकरी टोळ्याटोळ्यांनी गेले होते. टोळीच्या यादीवर डोळे झाकून विसंबू नका. आयत्या वेळी गळलेल्यांच्या जागी दुसरेच चढले, काही तर गळलेल्याच्याच नावावर! वयंही संशयास्पद : अनामत कुटुंबामागे १० पौंड होती, पण त्यात चौदाच्या आतली दोनच मुलं बसत, मोठ्यांचे पैसे वेगळे; म्हणजे वय कमी सांगण्यात फायदा.

इंग्लंडमधली सरकारी जन्मनोंदणी १८३७ची. त्यामुळे तिथला बाप्तिस्मा चर्चच्या नोंदवहीतच मिळेल, तोही गाव कळलं तरच.