पेल्व्हेशिया हे समुद्री शेवाळ सतत पाण्यात राहिलं तर मरतं, हे खरं आहे का? आणि ते ठरावीक किनाऱ्यांवरच का सापडतं?

हो, खरं आहे. दिवसातला बराच वेळ त्याला पाण्याबाहेर काढावाच लागतो. कायम बुडालेलं राहिलं तर ते हळूहळू कुजायला लागतं. किनाऱ्यावरच्या शेवाळांचा अभ्यास करताना माझा सगळ्यात जास्त जीव याच शेवाळावर जडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पूर्ण नाव पेल्व्हेशिया कॅनालिक्युलाटा. तपकिरी शेवाळांमधलं हे लहान भावंड, लांबी फार तर 15 सेंटीमीटर. फांद्या दोन-दोनात फुटत जातात आणि प्रत्येक फांदी कडेने आत वळलेली असते, अगदी पन्हळीसारखी. मध्ये शीर नाही, हवेचे फुगे नाहीत. खडकावर एवढी पन्हळ दिसली की दुसरं काही तपासायची गरज पडत नाही.

मी ते पहिल्यांदा पाहिलं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा. भांगाची भरती त्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे सलग कित्येक दिवस ते कोरडं पडलं होतं. काळं, कडक, बोटांत धरलं तर कटकन मोडणारं. मला ते मेलेलंच वाटलं. एक तुरा समुद्राच्या पाण्याने भरलेल्या वाटीत टाकला आणि बसून राहिले. आधी कडा सैल झाल्या, मग काळा रंग उतरून ऑलिव्हसारखा हिरवट तपकिरी रंग वर आला आणि थोड्याच वेळात फांदी रबरासारखी लवचिक झाली. अंगातलं बहुतेक पाणी गमावूनही हे शेवाळ पुन्हा कामाला लागतं. पन्हळीत थोडं पाणी अडकून राहतं, त्याचा उपयोग सुकायला सुरुवात होते त्या पहिल्या काही तासांत होतो. पुढचं सगळं पेशींच्या सहनशक्तीवर.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. युरोपातल्या खडकाळ किनाऱ्यावर शेवाळांचे पट्टे एकाखाली एक लागतात. सगळ्यात वर पेल्व्हेशिया, त्याखाली फ्यूकस स्पायरॅलिस, मग अ‍ॅस्कोफिलम किंवा फ्यूकस व्हेसिक्युलोसस, त्याखाली फ्यूकस सेराटस आणि शेवटी लॅमिनेरिया. शॉनबेक आणि नॉर्टन या दोन संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या कम्ब्रे बेटावर या पट्ट्यांच्या सीमा तपासल्या. त्यांचे निष्कर्ष 1978 आणि 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. वरची सीमा ठरते ती सुकण्यावर. खालच्या पट्ट्यांतली शेवाळं उचलून वर लावली की कोरड्या, उन्हाच्या दिवसांत ती मरतात, पेल्व्हेशिया मात्र तग धरतं. खालच्या सीमेवर चित्र वेगळं. पेल्व्हेशियाची वाढ फार सावकाश होते. एक पट्टा खाली फ्यूकस स्पायरॅलिस भराभर वाढून त्याला झाकून टाकतं. त्यामुळे ‘त्याला कोरडेपणा आवडतो’ असं म्हणणं मला पटत नाही. ज्या जागी दुसरं कुणी टिकत नाही तिथे ते टिकतं आणि त्या जागेशी ते इतकं जुळलंय की आता सततचं पाणीच त्याला सोसवत नाही.

त्याच्या शरीरात एक बुरशीही राहते, मायकोफायकियास अ‍ॅस्कोफिली. पेल्व्हेशिया आणि अ‍ॅस्कोफिलम दोघांमध्येही ती आयुष्यभर सोबत असते. अ‍ॅस्कोफिलमवर 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बुरशी असलेली पिल्लं सुकण्यातून जास्त चांगली वाचली होती. म्हणून मी पेल्व्हेशियाकडे कधीच एकटा जीव म्हणून बघत नाही.

पुनरुत्पादनाचं थोडक्यात सांगते. फांद्यांची टोकं फुगून दाणेदार होतात. त्यांतल्या बारीक खळग्यांत नर आणि मादी पेशी एकाच झाडावर तयार होतात. (‘झाड’ हा फक्त बोलण्यापुरता शब्द, तपकिरी शेवाळं हिरव्या वनस्पतींच्या कुळातली नाहीत, डायटम नावाच्या सूक्ष्म, एकपेशीय शेवाळांच्या जवळची आहेत.) फ्यूकसच्या अंडी तयार करणाऱ्या एका पिशवीत आठ अंडी असतात, अ‍ॅस्कोफिलममध्ये चार, पेल्व्हेशियात फक्त दोन. उन्हाळ्यात ती पिकतात. एक झुपका साधारण चार-पाच वर्षं जगतो.

प्रसार फक्त ईशान्य अटलांटिकमध्ये. आइसलंड, फेरो बेटं, नॉर्वेपासून ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, उत्तर स्पेन आणि खाली पोर्तुगालपर्यंत. भूमध्य समुद्रात नाही, बाल्टिकच्या आतल्या भागातही नाही. या दोन्ही ठिकाणी भरती-ओहोटी नावालाच असते आणि आलटून पालटून भिजणारा आणि सुकणारा तो वरचा पट्टाच तयार होत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही ते नाही. अ‍ॅस्कोफिलमला हवेचे फुगे आहेत, तुटलं तरी ते तरंगत लांब जातं आणि ते दोन्ही काठांवर आहे. पेल्व्हेशियाला ही सोय नाही. पण फुगे फ्यूकस स्पायरॅलिसलाही नसतात आणि तरी ते पलीकडे पोचलंय, तेव्हा सगळं फुग्यांवर ढकलता येत नाही.

एकाच किनाऱ्यावरही जागेप्रमाणे फरक पडतो. आडोशाच्या खाडीत पट्टा दाट असतो. लाटांचा मारा असेल तिथे तुषार उंच उडतात, म्हणून तो वर सरकतो, आणि फारच उघड्या कड्यांवर विरळ होत जातो. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या खाजणांत त्याचं एक खुजं रूप खडकाला न चिकटता, मोकळंच वाढतं.

नेटवर शोधताना एक काळजी घ्या. जुन्या लिखाणात कॅलिफोर्निया, कोरिया, चीनमधली ‘पेल्व्हेशिया’ भेटेल. 1999 मध्ये ती सगळी सिल्व्हेशिया या वेगळ्या प्रजातीत टाकली गेली. पॅसिफिकमधला फोटो दिसला तर ते हे शेवाळ नव्हे.