इंडक्शन ऑप्शनला टाकू नकोस, आधी इम्प्लिकेशनची तिसरी ओळ बघ

डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला ॲडमिशन, तोवर लेक्चर सुरू होऊन महिना उलटलेला, आणि आता डिस्क्रीट मॅथ्सचा (सेट, तर्क, मोजणी, ग्राफ यांचं गणित) बॅकलॉग, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय. तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, कारण हे सगळं माझंही असंच झालं होतं. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अरे-तुरे करतेय, चालेल ना.

तू विचारलंयस की सेट, रिलेशन, ग्राफ पक्के करून प्रूफ (सिद्धता) आणि इंडक्शन (एन=१ साठी तपासायचं, मग के साठी मानून के+१ साठी सिद्ध करायचं) ऑप्शनला टाकले, म्हणजे सोडूनच दिले, तर सुटेन का. पेपर कदाचित सुटेल. पण टाकू नकोस असंच सांगेन. सेट, व्हेन डायग्राम तुला येतच असणार, त्यावर लिहीत नाही.

मी ऑप्शनला टाकलं नव्हतं, मी पाठ केलं होतं, आणि ते जास्त महागात पडलं. दोन परीक्षांत इंडक्शनचं गणित पानभर नीट अक्षरात लिहून आले, बाहेर येऊन मैत्रिणीला सांगितलं की तेवढे मार्क तर कुठे जात नाहीत, आणि दोन्ही वेळा थोडक्यात नापास. मी करायचे काय, तर १ ते एन ची बेरीज एन(एन+१)/२ हेच घे. एन=१ तपासलं, के साठी खरं मानलं, इथवर ठीक. मग के+१ साठी जे सिद्ध करायचं तेच समीकरण पहिल्या ओळीत लिहायचे, इकडचं तिकडे न्यायचं, काटाकाटी, शेवटी ०=०, आणि खाली 'म्हणून सिद्ध'. शाळेत समीकरणं सोडवायची सवय ना, हाताला तेच वळण. जे सिद्ध करायचं तेच मी आधी धरून चालले होते हे मला दीड वर्ष कळलं नाही.

यात चूक काय ते नीट बघ. २ = -२ लिही. दोन्ही बाजूंचा वर्ग कर, ४ = ४. खरं आलं! म्हणून २ = -२ झालं का? खोट्यापासून निघून खऱ्यावर बिनदिक्कत पोचता येतं, त्यामुळे शेवटी खरं आलं एवढ्यावरून सुरुवात खरी ठरत नाही. आणि हेच इम्प्लिकेशनच्या, म्हणजे 'हे असेल तर ते' अशा विधानाच्या, ट्रुथ टेबलची (खऱ्या-खोट्याच्या तक्त्याची) तिसरी ओळ सांगते, पहिलं खोटं, दुसरं खरं, तरी अख्खं विधान खरं. ती ओळ मी घोकली होती, समजली नव्हती. मी तुला म्हटलं 'पाऊस आला तर मी न्यायला येईन', आणि पाऊस न येताही मी आले, तर मी खोटं बोलले का? नाही. शब्द मोडतो फक्त एकाच वेळी, पाऊस आला आणि मी आलेच नाही तेव्हा. हे डोक्यात बसलं की प्रूफची दिशा का महत्त्वाची ते आपोआप बसतं. (कोडमधलं इफ म्हणजे हे नव्हे, ती आज्ञा आहे, हे विधान आहे. डिप्लोमावाल्यांचा इथेच घोळ होतो कारण आपण कोड आधी शिकतो.)

बरोबर पद्धत एवढीच, फक्त डावी बाजू घे. १ पासून के+१ पर्यंतची बेरीज म्हणजे के पर्यंतची बेरीज अधिक (के+१). के पर्यंतच्या जागी मानलेलं सूत्र टाक, (के+१) कॉमन काढ, (के+१)(के+२)/२ मिळतं. उजव्या बाजूला हात लावायचा नाही, तिथे पोचायचं. आणि मानलेलं सूत्र कुठेच वापरलं गेलं नसेल तर काहीतरी चुकलंय असं समज.

बेस केसही, म्हणजे एन=१ तपासणं, गाळू नकोस. 'एन = एन+१' हे विधान घे, के साठी मानलं की के+१ साठी सहज निघतं, अडतं फक्त १=२ वर.

आणि चार उदाहरणं जुळली की झालं असं वाटत असेल तर हे हाताने काढून बघ. वर्तुळावर बिंदू घे, प्रत्येक बिंदू प्रत्येकाला जोड, आत किती तुकडे होतात मोज. एक ते पाच बिंदूंना १, २, ४, ८, १६ येतात आणि सहा बिंदूंना ३२ नाही, ३१. बिंदू सारख्या अंतरावर नको ठेवूस, मधे तीन रेषा एकाच ठिकाणी छेदतात आणि ३० येतात. मी आधी तसंच काढलं आणि तासभर मोजत बसले.

आता फोटोकॉपीचं, कारण माझी चूक मला तिथेच दिसली. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागायला गेले, तर खिडकीवर सांगितलं की रिव्हॅल (पेपरची फेरतपासणी) करणाऱ्यांनाच मिळते, उद्या या, साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी मुदत संपली. रिव्हॅलची अट वगैरे काही नव्हती हे नंतर कळलं. दुसऱ्यांदा हट्टाने काढली तेव्हा दिसलं, बेस केसचा मार्क आणि खाली पानभर लाल रेघ. हीच रेघ एक परीक्षा आधी बघितली असती तर कॅम्पसला (कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांच्या नोकरभरतीला) बसता आलं असतं, सगळ्या कंपन्यांची अट होती की चालू बॅकलॉग नको. त्या सीझनला सगळी मुलं फॉर्मल घालून जायची आणि मी हॉस्टेलवर. अजून राग येतो. नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे, दरवर्षी बदलतात, म्हणून माझ्यावर विसंबू नकोस, परिपत्रक स्वतः वाच आणि खिडकीवर लेखी माग.

काउंटिंगबद्दल (किती क्रम होतात ते मोजणं) एकच, ते मात्र मला आवडतं. संध्येत केशव, नारायण, माधव अशी विष्णूची २४ नावं म्हणतात ना, त्यातल्या प्रत्येक मूर्तीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म यांचा क्रम वेगळा, ४ फॅक्टोरियल (४×३×२×१) म्हणजे २४. भास्कराचार्यांनी लीलावतीत हेच उदाहरण दिलंय, सोबत दहा हातांत दहा वस्तू धरलेल्या शंकराचं, त्याचं उत्तर ३६,२८,८००. आजोबा रोज म्हणायचे ती नावं, पण हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. फॉर्म्युला घोकण्याआधी चार वस्तू टेबलावर मांडून २४ क्रम एकदा खरंच लिहून काढ.

ग्राफ तुला जमतायत असं पोस्टवरून वाटतं, ते राहू दे. गेटच्या (एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा) सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरलाही डिस्क्रीट आहे, आत्ता केलेलं तिथे कामी येईल. मी शिक्षिका नाही, नोकरीत कोड लिहिते, तेव्हा तुमच्या सरांची पद्धत वेगळी असेल तर पेपरात तीच लिही.

इंडक्शनचं एक गणित सोडवून फोटो टाक, पहिल्या ओळीत काय लिहितोस तेवढंच बघायचंय. आणि फोटोकॉपीच्या फॉर्मची मुदत आजच बघ.